सिंहगडाचा मनोरा आणि नव्वद मायक्रॉन

धायरीत लेथ शोधायला लांब जावं लागत नाही. फाट्यावरून आत शिरून नऱ्ह्याच्या बाजूला वळलं की पत्र्याच्या शेडांची रांग लागते. एकेका शेडमध्ये दोन-तीन मशिनं, दाराशी लोखंडाच्या किसाने भरलेला पिंप आणि तेलाने चमकणारे, रचून ठेवलेले जॉब. गेल्या शनिवारी यातल्या एका शेडमध्ये आलेलं काम मात्र मोटारीचं नव्हतं की पंपाचं नव्हतं. काळ्या अ‍ॅल्युमिनियमची इंचभर उंचीची पोकळ नळी. एका तोंडाला आतून आटे, दुसऱ्या तोंडाला कॅमेऱ्यात अडकणाऱ्या तीन पाकळ्या. ती घेऊन आली होती सव्वीस-सत्तावीस वर्षांची एक मुलगी. सोबत तिचा मामा, कारण वर्कशॉपवाल्यांच्या लग्नाचे फोटो त्यानेच काढलेले, आणि ओळखीशिवाय शनिवारी एवढंसं काम कोण हातात घेणार?

वर्कशॉपवाल्या दादांनी नळी उजेडात धरून फिरवली. "बेचाळीसचा आटा, एकचा पिच," ते गेज न लावताच म्हणाले. "काय बसतं याच्यावर?"

"लेन्स. रशियन."

"आणि बिघडलंय काय?"

"लांबचं दिसत नाही," मामाने मध्येच उत्तर दिलं. "हल्लीची मुलं त्याला कॅरेक्टर म्हणतात."

लेन्स होती हेलिओस ४४-२, ५८ मिमीची, एफ २ इतकी उघडणारी. मंगळवार पेठेत बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात, शटर जाम झालेल्या एका झेनिट कॅमेऱ्याला चिकटलेली ती भाचीला मिळाली. कॅमेरा मेलेला, लेन्स जिवंत. तिचं मूळ मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कमधलं आणि त्याच्याही मागे गेलं तर जर्मनीतल्या येना शहरातलं. कार्ल झाइसने १९३०च्या दशकात काढलेल्या बायोटार ५८ मिमीची ही सोव्हिएत आवृत्ती. महायुद्धानंतर जर्मन काच, यंत्रं आणि आराखडे रशियात गेले, त्यातून ही लेन्स उभी राहिली आणि पुढची कित्येक वर्षं झेनिट कॅमेऱ्यांसोबत जगभर गेली.

असली लेन्स आजच्या कॅमेऱ्याला लागते, ती आरशामुळे. म्हणजे आरसा गेल्यामुळे. जुन्या एसएलआरमध्ये लेन्स आणि फिल्मच्या मध्ये वर-खाली होणारा आरसा असे, आणि त्याला जागा हवी म्हणून लेन्सचं बूड फिल्मपासून बरंच पुढे ठेवावं लागे. १९४९च्या काँटॅक्स एसपासून चालत आलेल्या एम ४२ या आट्याच्या माउंटमध्ये हे अंतर ४५.४६ मिमी. निकॉनच्या एफ माउंटमध्ये ४६.५. मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच नाही, त्यामुळे सोनीच्या ई माउंटमध्ये ते १८ मिमीवर आलं, निकॉनच्या झेडमध्ये तर १६वर. उरलेल्या जागेत पोकळ नळी, म्हणजे अ‍ॅडाप्टर, बसवायची: ४५.४६ वजा १८, म्हणजे २७.४६ मिमी. आत काच नाही, तार नाही, चिप नाही. निकॉनच्या डीएसएलआरला हे जमत नसे, कारण तिथे एक मिलिमीटर आधीच जास्त होता. लेन्स बसे, पण लांबचं धूसर दिसे, नाहीतर मध्ये आणखी एक काच घालावी लागे.

दादांनी मायक्रोमीटर लावला. चार ठिकाणी मोजलं. "सत्तावीस पंचावन्न. नव्वद मायक्रॉन जाड आहे."

"नव्वद मायक्रॉनने काय होतंय?" मामा म्हणाला. "केसाएवढं."

इथे भाचीने मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढला. लेन्स जितकी जास्त पुढे सरकेल तितकं ती जवळचं बघते. कुठवर बघेल ते काढायचं तर लेन्सच्या नाभीय अंतराचा वर्ग भागिले तो जास्तीचा सरकाव. ५८ गुणिले ५८ भागिले ०.०९. सदतीस हजार मिलिमीटर आणि वर काही. म्हणजे फोकसची रिंग पार टोकाला, अनंताच्या खुणेवर नेली तरी ही लेन्स सदतीस मीटरच्या पुढे काही नीट बघणार नव्हती. गल्लीच्या टोकाचं दुकान दिसेल, सिंहगडावरचा टीव्हीचा मनोरा नाही.

"तुम्हाला सत्तावीस पंचेचाळीस करून देतो, शंभर मायक्रॉन काढतो," दादा म्हणाले. दहा मायक्रॉन कमी राहिलेले चालतात, उलट बरेच अ‍ॅडाप्टरवाले मुद्दाम थोडं कमीच ठेवतात. मग रिंग अनंताच्याही किंचित पुढे जाते आणि कुणाची तक्रार येत नाही. या नळीच्या बाबतीत कुणाचा तरी हात उलट्या बाजूला चुकला होता. "पण चकात धरली तर पाकळ्या चेपतील. सॉफ्ट जॉ लावतो. अर्धा तास द्या. चहा घेऊन या."

टपरीवर खरी खडाजंगी झाली.

मामाने १९८३ ते २०१६ लग्नाचे फोटो काढले. सुरुवात याशिका एफएक्स-३वर, मग निकॉन एफएम २, मग ऑटोफोकस, मग डिजिटल. "तुम्ही आता जे हौसेने करता ना, ते आम्ही नाइलाजाने केलं," तो म्हणाला. "अंतरपाट खाली येतो, अक्षता पडतात, नवरा-नवरी एकमेकांकडे बघतात. किती वेळ? दोन सेकंद. त्यात फ्लॅशने चार्ज व्हायला नकार दिला, कुणाचा तरी काका मध्ये आला, व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार. एका लग्नात हाराचा फोटो गेला माझा. हार कडक, चेहरे मऊ. मुलीच्या बापाने अल्बम उघडला, त्या पानावर थांबला आणि काहीच बोलला नाही. मला ऑटोफोकस मिळाला त्या दिवशी मी पेढे वाटलेत."

"मग आता तसं नाहीच ना, मामा. व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार नाही. छिद्र एफ ८ केलं तरी कॅमेरा चित्र उजळ करून दाखवतो. बटण दाबलं की डोळ्याची पापणी पाचपट मोठी दिसते. कडेला जिथे फोकस बसलाय तिथे लाल रेघा चमकतात. तुला त्या काळात हे मिळालं असतं तर?"

"तर मी ऑटोफोकसच मागितला असता."

मामाच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. जुन्या लेन्सची आजची लोकप्रियता ही खरं तर नव्या कॅमेऱ्याची कमाल आहे, आणि हे लेन्सवाले सहसा कबूल करत नाहीत. पहिला मिररलेस, पॅनासॉनिकचा जी १, २००८मध्ये आला. पूर्ण आकाराच्या सेन्सरचा सोनी ए ७ २०१३मध्ये. सेन्सरच हलवून हाताची थरथर खाणारा ए ७ मार्क २ पुढच्याच वर्षी. त्याआधी असल्या लेन्स कपाटात आणि जुन्या बाजारात पडून होत्या, त्या काही अचानक चांगल्या झाल्या नाहीत. भाचीच्या गळ्यात तोच मार्क २ आहे, सेकंडहँड. लेन्समध्ये इलेक्ट्रॉनिक्स नसल्याने त्याला सगळं हाताने सांगावं लागतं: लेन्स नसली तरी शटर सोड, थरथर सावरताना ५८ मिमी धर. छिद्र किती होतं हे फोटोच्या माहितीत येत नाही ते नाहीच.

"आणि मिळतं काय एवढं करून?" मामाने ग्लास खाली ठेवला. "मागची पानं गोल फिरतात. एवढंच ना?"

पानं गोल फिरतात ती अशी. चौकटीच्या कडेकडे जाणारा उजेड लेन्सच्या नळकांड्याला अडून अर्धवट कापला जातो, त्यामुळे मागचे प्रकाशबिंदू मध्यभागी गोल आणि कडेला बदामासारखे होतात. हे बदाम मध्याभोवती फेर धरतात. त्यात कडेच्या प्रतिमादोषांच्या दुरुस्तीत राहिलेली कसर भर घालते. झाडीपासून थोडं पुढे माणूस उभा केला आणि लेन्स एफ २ला उघडली की मागे भोवरा. आराखडा काढणाऱ्यांच्या वहीत हा दोषच होता. त्याहून जुना भोवरा हवा तर १८४०च्या पेट्झवाल लेन्सकडे जावं लागतं. आणि तो दोष इतका विकला जातो की लोमोग्राफीने २०१३मध्ये पेट्झवाल नव्याने बाजारात आणली.

"दोषच आवडतो तर कॉम्प्युटरवर घाल. नवी लेन्स स्वच्छ काढते, त्यावर काय हवं ते फासता येतं. स्वच्छ केलेलं मळवता येतं. मळलेलं स्वच्छ करून दाखव."

"कॉम्प्युटरवर घातलेला भोवरा मला समोर दिसत नाही. हा दिसतो. मी दोन पावलं डावीकडे सरकते, पानं बदलतात. तिथेच ठरतं फोटो काढायचा की नाही." मग तिने हुकमाचा पत्ता टाकला. "आणि मोठे लोक वापरतातच ना. 'द बॅटमॅन' २०२२चा. ग्रेग फ्रेझरने त्यात हीच, हेलिओस लावलीय."

मामा हसला. "त्या फ्रेझरच्या शेजारी एक माणूस उभा असतो, ठाऊक आहे? फोकस पुलर. त्याला पगार फक्त रिंग फिरवायचा मिळतो. टेप लावून अंतर मोजतो, जमिनीवर खुणा करतो, नटाला सांगतो इथेच थांब. चुकला तर पुन्हा टेक. मला नवऱ्याला सांगता आलं असतं का, हार काढ रे, पुन्हा घाल?"

याला भाचीकडे उत्तर नव्हतं, आणि नव्हतंच येण्यासारखं. पैसे घेऊन, पुन्हा न येणाऱ्या क्षणाचा फोटो काढणाऱ्याने डोळा ओळखून पकडणारा ऑटोफोकस सोडून हेलिओस लावणं म्हणजे शुद्ध उनाडपणा. पळणारं लहान मूल असेल तर तेच. तिथे जुन्या लेन्सची बाजू घेणाऱ्यांनी गप्प बसावं.

पण ती गप्प बसली नाही. तिने विषय फिरवला, आणि फिरवला तो बरा फिरवला. "तुझी पहिली डिजिटलवाली झूम लेन्स कुठे आहे?"

"कपाटात. मोटर गेली तिची. पार्ट येत नाही म्हणाले."

"आणि याशिकाची पन्नास?"

मामा थोडा वेळ रस्त्याकडे बघत राहिला. "तीही कपाटात. रिंग फिरते अजून. पण बुरशी धरलीय आतून, सांगून ठेवतो. तुझ्या त्या अमर लेन्सा इकडच्या दोन पावसाळ्यांत अमर राहत नाहीत."

बुरशी हा पुण्यात जुन्या लेन्सचा खरा शत्रू. जून ते सप्टेंबर बंद कपाट, चामड्याची पेटी आणि हवेतली ओल एवढं तिला पुरतं. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे काचेवर पसरतात. सुरुवातीला पकडली तर लेन्स उघडून हायड्रोजन पेरॉक्साइडने पुसता येते. उशीर झाला की बुरशीने सोडलेलं आम्ल काचेवरचा लेपच खाऊन टाकतं, मग पुसूनही नक्षी उरते. चामड्याची पेटी दिसायला सुंदर, पण ती फेकून द्यावी. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल, आणि सगळ्यात स्वस्त औषध म्हणजे लेन्स वापरणं. शिवाय रिंगमधलं ग्रीस वाळतं, त्यातलं तेल छिद्राच्या पात्यांवर उतरतं. हेलिओसला अशी आठ पाती आहेत. तेल लागलं तरी ४४-२ चालते, कारण तिचं छिद्र हातानेच उघडायचं-मिटायचं असतं; ज्या लेन्समध्ये क्लिकसरशी पाती आपोआप मिटायला हवीत, तिथे तेल म्हणजे काम संपलं.

भाचीच्या मैत्रिणीकडची, असाही कंपनीची सुपर टाकुमार ५० मिमी एफ १.४ वेगळ्याच कारणाने पिवळी पडली आहे. काचेची अपवर्तनशक्ती वाढावी म्हणून त्या काळी तिच्यात थोरियम घालत. थोरियम किरणोत्सर्गी, त्या किरणांनी वर्षानुवर्षांत काच चहाच्या रंगाची होते. "किरणोत्सर्गी लेन्स गळ्यात घालून फिरते ती?" मामाने विचारलं. फिरते, आणि नेहमीच्या वापरात त्याचं प्रमाण अगदी कमी असतं. फक्त ती काच फोडू-घासू नये. उपायही साधा, उन्हातले अतिनील किरण काही दिवसांत किंवा आठवड्यांत पिवळेपणा घालवतात. एप्रिलमधलं पुणेरी ऊन याला उत्तम. मात्र लेन्स म्हणजे भिंग. एक बाजू फॉइलने झाकल्याशिवाय ती खिडकीत ठेवणाऱ्याचा पडदा जळाला तर त्याने थोरियमला दोष देऊ नये.

शेडमध्ये परतले तेव्हा नळी चकात फिरत होती. दादांनी टूल अगदी हलकं टेकवलं. काळ्या रंगाखालून चांदीसारखं कडं उगवलं, केसासारखा कीस सुटला. पुन्हा मोजलं, पुन्हा एक कट. आवाज जेमतेम कुजबुजीएवढा. एवढ्यासाठी मशिन थांबवून सॉफ्ट जॉ बसवलेले बघून मामा जरा नरमला.

मराठी माणसाचं सिनेमाशी नातं असल्या धातूकामातूनही घट्ट झालं. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामले यांच्या साथीने १९१८च्या सुमारास स्वतःचा सिनेकॅमेरा घडवला, त्यावर 'सैरंध्री' काढला, तो १९२०मध्ये पडद्यावर आला. याच दामल्यांनी पुढे फत्तेलाल, शांतारामबापू यांच्यासह १९२९मध्ये प्रभात उभी केली. १९३३मध्ये प्रभात पुण्यात आली आणि तिच्याच आवारात १९६०पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. भाचीने हे तिथल्याच एका कार्यक्रमात ऐकलं होतं, ते तिने दादांच्या कौतुकाखातर आता सांगितलं.

"बरोबर," मामा म्हणाला. "त्यांनी नवा कॅमेरा बनवला. जुना वापरत बसले नाहीत."

दादा पहिल्यांदाच हसले. पैसे मात्र त्यांनी घेतले नाहीत. लग्नाच्या अल्बमात आपल्या आईचा एक फोटो आहे, तो मामाने काढलेला आहे, एवढंच म्हणाले. आईचा तेवढा एकच चांगला फोटो घरात आहे म्हणे. त्यात फोकस कुठे आहे हे कुणी पाहिलं असेल असं वाटत नाही.

संध्याकाळी दोघं धारेश्वराच्या देवळाकडे गेली. भाचीने आधी सिंहगड धरला. रिंग टोकाला नेली, चित्र मोठं केलं. मनोरा सुईसारखा उभा, आणि रिंगवर अनंताची खूण बरोबर रेघेवर. मग ती पोरांकडे वळली. देवळाजवळ चार-पाच जण क्रिकेट खेळत होते. एफ २, लाल रेघा, क्लिक. क्लिक. क्लिक. पोरं थांबत नव्हती, लाल रेघा कानावरून शर्टावर, शर्टावरून मागच्या भिंतीवर. बारा फोटोंत डोळ्यांवर नेमके बसलेले तीन.

"बारात तीन," मामा म्हणाला. "लग्न असतं तर मार बसला असता. आण इकडे."

त्याने कॅमेरा घेतला, व्ह्यूफाइंडरला डोळाच लावला नाही. लेन्सवरची पुढची रिंग फिरवून एफ ११ केलं. मग अंतराची पट्टी बघून कपाळाला आठी घातली. "हे फुटात का नाही?"

"रशियन आहे. मीटर."

"सोळा फूट. म्हणजे पाच मीटर." त्याने पट्टी पाचवर आणली आणि आयएसओ ऑटोवर टाकायला तिला सांगितलं, ही एक सवलत त्याने बिनतक्रार घेतली, फिल्मवर एवढ्या मंद उजेडात एफ ११चं नाव काढता आलं नसतं. ५८ मिमीची लेन्स एफ ११वर पाच मीटरला ठेवली की साधारण साडेतीन मीटरपासून पावणेदहा मीटरपर्यंत सगळं कडक येतं. मग रिंगला हात लावायचंच कारण नाही. अंतर सांभाळायचं ते पायांनी. मामा पोरांच्या बाजूबाजूने चालत राहिला, ती जवळ आली की मागे, लांब गेली की पुढे, कॅमेरा छातीशी. भोवरा नाही, मागची पानं नाहीत, मागे सरळसोट देऊळ आणि विजेचा खांब. बारा फोटो काढले. भाचीने एकेक मोठा करून पाहिला. बाराच्या बारा.

आणि हे जमलं दुपारच्या त्या शंभर मायक्रॉनमुळे. नळी जाड असती तर पट्टीवरचे पाच मीटर खरे पाच नसते, मनोऱ्यासारखे तेही खोटे निघाले असते.

"मग मघापासून ऑटोफोकस, ऑटोफोकस काय करत होतास?" ती म्हणाली.

"फोकस कुठे केला मी? अंतर ओळखलं. लग्नातही अर्धे फोटो असेच. फ्लॅश, एफ ८, दहा फूट. डोळा लावून रिंग फिरवत बसलो तेव्हाच तर चुकायचो."

"मला पाच मीटर म्हणजे किती ते कळतच नाही."

"तो खांब किती लांब आहे सांग."

"आठ?"

"सहा. अठरा-वीस फूट."

"कशावरून?"

"जाऊन बघ."

ती पावलं मोजत खांबाकडे निघाली. चौथ्या पावलाला मामाने मागून हाक मारली, "अगं, ढांगा टाकू नकोस. नेहमीसारखं चाल."